बडतर्फी बेकायदा ठरली, तर न्यायालय नेमके काय देते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंजिनीअरिंग कारखान्यात अकरा वर्षे कायम असलेला मशीन ऑपरेटर. पगार २६ हजार. ओव्हरटाइमवरून सुपरवायझरशी खटका उडाला, 'शिवीगाळ केली, शिस्तभंग केला' असे आरोपपत्र मिळाले, चौकशी झाली आणि दोन महिन्यांपूर्वी बडतर्फीचे पत्र हातात पडले. चौकशीत सहकारी कामगाराला सोबत बसू दिले नाही. आता एचआर म्हणतो, राजीनामा लिहून द्या, बडतर्फी मागे घेतो आणि दोन लाख देतो. या ऑपरेटरने विचारले आहे: कोर्टात गेलो तर नोकरी परत मिळते, की थोडे पैसे देऊन वाटेला लावतात? केस चालू असताना दुसरीकडे काम केले तर केस पडते का?

सगळ्यात आधी तारीख बघा. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा राज्य कायदा आहे. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला 'यूएलपी' म्हणतात. त्याखालची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत दाखल करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते, आणि तो माफीचा अर्ज लढवण्यातच काही महिने जातात. तुमचे दोन महिने गेलेत. तेव्हा पुढचे सगळे शांतपणे वाचा, पण वकिलाकडे याच आठवड्यात जा.

आता मूळ प्रश्न. इतकी वर्षे कामगारांच्या बाजूने उभा राहिल्यावर एक गोष्ट मी प्रत्येक नव्या अशिलाला पहिल्या बैठकीतच सांगतो. बडतर्फी चुकीची होती हे सिद्ध करणे हा अर्धा खटला असतो. ती चुकीची ठरल्यावर तुम्हाला काय मिळायचे, हा दुसरा अर्धा, आणि तो अर्धा लोक लढतच नाहीत. सगळा जीव 'माझ्यावर अन्याय झाला' हे सांगण्यात जातो. मग निकाल येतो: बडतर्फी रद्द, कामावर घ्या, मागील पगार, म्हणजे काढल्यापासूनच्या काळाचा पगार, मात्र शून्य किंवा पंचवीस टक्के. माणूस जिंकतो आणि पाच-सहा वर्षांचा पगार बुडालेला पाहत बसतो. कारण बहुतेक वेळा एकच असते. त्या पगारासाठी लागणारे विधान तक्रारीत लिहिलेले नसते किंवा साक्षीत आलेले नसते.

न्यायालयाच्या हातात काय काय आहे ते पाहू. यूएलपीखाली न्यायालय तुम्हाला कामावर परत घेण्याचा आदेश देऊ शकते, मागील पगारासह किंवा पगाराशिवाय. किंवा पुनर्स्थापना, म्हणजे नोकरी परत, न देता वाजवी भरपाई देऊ शकते. केंद्रीय कायद्याचा मार्गही जवळपास तेच देतो, फक्त त्याला इतिहास आहे. पूर्वी चौकशी रीतसर झाली असेल तर शिक्षा किती द्यायची हा मालकाचा अधिकार मानला जाई आणि न्यायाधिकरणाला त्यात फारसा हात घालता येत नसे. औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ आले आणि १५ डिसेंबर १९७१ पासून चित्र बदलले. पुराव्याकडे स्वतः पाहून बडतर्फी रद्द करायची, कामावर घ्यायला सांगायचे किंवा बडतर्फीच्या जागी हलकी शिक्षा द्यायची, हा अधिकार न्यायालयाला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. हाच अधिकार तिच्या कलम ५० मध्ये आहे.

संहितेचा मार्ग धरला तर आधी समेट अधिकाऱ्याकडे जावे लागते. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर तो समेटाची कार्यवाही घेऊ शकत नाही. जुन्या कायद्यात बडतर्फ कामगाराला तीन वर्षे होती, त्यामुळे 'अजून वेळ आहे' असे जुन्या माहितीवर कोणी सांगितले तर ऐकू नका. समेट फिसकटल्याचा अहवाल आला की ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. यूएलपीत समेटाचा टप्पा नाही, थेट कामगार न्यायालयात तक्रार. पण दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. एका कायद्याखाली कार्यवाही सुरू केली की त्याच बाबीसाठी दुसऱ्याखाली जाण्यास यूएलपीच्या कलम ५९ ची आडकाठी आहे. तुमच्या प्रकरणात मी यूएलपी निवडेन. तुम्ही कायम कामगार आहात, कंपनी ते नाकारू शकत नाही, आणि त्या कायद्याला फौजदारी दात आहेत. त्याबद्दल शेवटी सांगतो.

कंत्राटी कामगारांनी मात्र इथे थांबावे. 'हा आमचा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे' असे कंपनीने म्हटले की मालक-कामगार नात्याचाच वाद उभा राहतो. सिप्लाच्या २००१ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका ठरलेली आहे की हा वाद यूएलपीत सोडवता येत नाही. आधी ते नाते दुसऱ्या मार्गाने ठरवून घ्यावे लागते. चुकीच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहून शेवटी 'तक्रार चालण्यायोग्य नाही' एवढे वाक्य घेऊन परतलेले कामगार मी पाहिले आहेत. त्यांचे नुकसान भरून निघत नाही.

आता तुमची चौकशी. सहकाऱ्याला सोबत बसू दिले नाही हा मुद्दा चांगला आहे, पण तुम्ही ती मागणी लेखी केली होती का? चौकशीच्या कार्यवृत्ताच्या प्रती काढा आणि पहिल्या बैठकीचे पान बघा. बहुतेक ठिकाणी तिथे एक छापील ओळ असते: 'आरोपित कामगारास चौकशीची पद्धत समजावून सांगितली, त्यांना प्रतिनिधी नको आहे.' आणि खाली तुमची सही. त्या ओळीखाली सही असेल तर आपल्याला उलटतपासणीत चौकशी अधिकाऱ्याकडून काढून घ्यावे लागेल की ते मजकूर आधीच टाइप करून आणतात, कागद इंग्रजीत होता, प्रत दिली नव्हती. सहीशेजारी तुम्ही 'प्रतिनिधी मागितला, दिला नाही' असे चार शब्द जरी लिहिले असतील तर तो कागद सोन्याचा आहे. ज्यांची चौकशी सध्या चालू आहे त्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवावे. कार्यवृत्तावर सही नाकारू नका. सही करा, पण आक्षेप त्याच पानावर, स्वतःच्या अक्षरात, तारखेसह लिहा. चौकशी उघड उघड सूडाने चालली असेल तर बडतर्फीचे पत्र येईपर्यंत थांबायलाही लागत नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या १९९५ च्या निकालाने हे स्पष्ट केले की आरोपपत्राच्या टप्प्यावरही यूएलपीची तक्रार करता येते. अंतरिम स्थगिती मिळण्याची शक्यता तिथेच जास्त असते. बडतर्फी झाल्यावर अंतरिम आदेशाने कामावर परत जाणे फार क्वचित होते, त्यामुळे तुम्ही त्या आशेवर घरखर्चाचा हिशेब मांडू नका.

चौकशी सदोष ठरली म्हणजे तुम्ही जिंकलात असेही नाही. न्यायालय आधी दोन प्राथमिक मुद्दे ठरवते: चौकशी न्याय्य होती का, आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. चौकशी रद्द झाली तर कंपनीला गैरवर्तन न्यायालयात नव्याने सिद्ध करता येते, मात्र तसा हक्क तिने आपल्या कैफियतीत, म्हणजे तक्रारीला दिलेल्या लेखी उत्तरात, राखून ठेवलेला असावा लागतो. म्हणून ती कैफियत आली की तुमच्या वकिलांना सांगा, शेवटचा परिच्छेद आधी वाचा.

चौकशी ठीक ठरली तरी शिक्षेचा प्रश्न उरतो. शिवीगाळीच्या प्रकरणांत निकाल दोन्हीकडचे आहेत आणि ते दोन्ही तुम्हाला माहीत असले पाहिजेत. डेल्टन केबलच्या १९८४ च्या निकालात शिवीगाळीच्या आरोपासाठी बडतर्फी ही धक्कादायक इतकी जास्त शिक्षा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि कामगाराला परत घ्यायला लावले. याउलट महिंद्र अँड महिंद्रच्या २००५ च्या निकालात वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी न्यायालयाने कायम ठेवली. त्याच वर्षी भारत फोर्जच्या प्रकरणात ड्यूटीवर झोपलेल्या कामगाराची बडतर्फी टिकली, कारण आधी तीनदा शिक्षा होऊनही सुधारणा नव्हती. या निकालांत फरक कुठे पडतो? नेमके शब्द काय वापरले, चिथावणी होती का, प्रसंग एकदाच घडला की वारंवार, आणि मागील सेवा कशी होती. यूएलपीच्या चौथ्या अनुसूचीत हेच लिहिले आहे: किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, गैरवर्तनाचे स्वरूप आणि कामगाराची मागील सेवा विचारात न घेता, धक्कादायक प्रमाणात जास्त शिक्षा देणे ही अनुचित प्रथा आहे. तुमची अकरा वर्षे निष्कलंक असतील तर वेतनवाढीची पत्रे, बक्षिसाची प्रमाणपत्रे, जे काही असेल ते शोधून ठेवा. बडतर्फीच्या आदेशात मागील सेवेचा उल्लेख आहे का हेही बघा. तो नसणे आपल्या बाजूचे आहे.

न्यायालयाने शिक्षा कमी केली तर दोन वेतनवाढी रोखणे, काही काळाचा पगार न देणे असा मधला आदेश येतो. इथे मागील पगाराचा काही भागच 'शिक्षा' म्हणून कापला जातो. जिथे कामगाराची थोडी तरी चूक होती तिथे हे योग्यच आहे असे मला वाटते. गैरवर्तन सिद्धच झाले नसताना 'मधला मार्ग' म्हणून अर्धा पगार कापणे मात्र मला कधीच पटलेले नाही आणि अशा आदेशाविरुद्ध मी नेहमी वर जायला सांगतो.

आता मागील पगार, म्हणजे ज्याला सगळे बॅक वेजेस म्हणतात. हिंदुस्थान टिन वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ साली सांगितले की बडतर्फी बेकायदा असेल तर पूर्ण मागील पगारासह पुनर्स्थापना हा सामान्य नियम आहे. पुढे वारे फिरले. २००६ च्या सुमारास उत्तर प्रदेश ब्रासवेअर कॉर्पोरेशन, जे. के. सिंथेटिक्स असे निकाल आले आणि मागील पगार आपोआप मिळत नाही, काम न करता पगार कशाला, असा सूर लागला. त्या काळात खालच्या न्यायालयांत पंचवीस टक्के, पन्नास टक्के असे आकडे काहीही कारण न देता पडू लागले. मग ऑगस्ट २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्या. सिंघवी यांनी सगळ्या निकालांचा धांडोळा घेऊन गाडी परत रुळावर आणली. त्या निकालाचे सार असे: बेकायदा काढले असेल तर सेवासातत्य (नोकरी मध्ये तुटलीच नाही असे धरणे) आणि मागील पगारासह परत घेणे हाच सामान्य नियम. पगार ठरवताना सेवेचा कालावधी, गैरवर्तन सिद्ध झाले असल्यास त्याचे स्वरूप, मालकाची आर्थिक स्थिती यांचा विचार होऊ शकतो. खटला रेंगाळला याचा दोष कामगाराच्या माथी मारायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामगाराने तक्रारीत किंवा निदान पहिल्या न्यायालयात शपथेवर सांगितले पाहिजे की मी कुठे कामाला नव्हतो, किंवा कमी पगारावर होतो. एवढे सांगितले की तो पूर्वीइतकाच कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते.

हे एक वाक्य न लिहिण्याची किंमत तुमच्या आकड्यात मोजू. खटला पाच वर्षे चालला तर २६ हजारांच्या हिशेबाने पगार होतो १५ लाख ६० हजार. अर्धा मिळाला तर ७ लाख ८० हजार. हा फरक तुमच्या सुपरवायझरने काय म्हटले आणि तुम्ही काय म्हटलेत यावर ठरत नाही. तुमच्या शपथपत्रातल्या एका परिच्छेदावर आणि त्यावरच्या उलटतपासणीवर ठरतो.

त्या उलटतपासणीत कंपनीचे वकील साधेच प्रश्न विचारतात. घरी किती माणसे? मुलांच्या शाळेची फी कोण भरते? कर्जाचा हप्ता चालू आहे ना? मोटारसायकल कधी घेतली? मग शेवटी, 'म्हणजे तुम्ही कुठेतरी कमावता, खरे ना?' कामगार घाबरतो आणि सरळ म्हणतो, 'नाही, काहीच करत नाही.' आणि कंपनी भविष्यनिर्वाह निधीचा उतारा काढते, त्यात दुसऱ्या मालकाकडची वर्गणी दिसते. तिथे त्याची सगळी साक्ष कोसळते. केवळ पगाराच्या मुद्द्यावर नाही, शिवीगाळ झाली नाही हे त्याचे म्हणणेही मग कोणाला खरे वाटत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: काम करा. घर चालवलेच पाहिजे आणि काम केल्याने केस पडत नाही. जे काम केले ते खरे सांगा. कधीपासून, कुठे, किती रुपये. १२ हजारांवर सिक्युरिटीचे काम केले असेल तर तसे सांगा, न्यायालय फरकाची रक्कम देऊ शकते. जगण्यासाठी केलेली धडपड ही 'लाभदायक नोकरी' ठरत नाही. १९८४ च्या दिल्लीच्या एका प्रकरणात बडतर्फ माणूस सासऱ्यांच्या कोळशाच्या डेपोत मदत करत होता. कंपनीने म्हटले, हाच तर रोजगार. सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद कडक शब्दांत फेटाळला आणि असे म्हटले की यालाच नोकरी म्हणायचे तर उद्या पोटासाठी भीक मागणाऱ्यालाही तुम्ही नोकरदार म्हणाल. जिथे जिथे नोकरीसाठी अर्ज केलात त्याच्या नोंदी ठेवा, मोबाइलवरचे नकाराचे संदेश सुद्धा. आणि बँक पासबुक आजपासून व्यवस्थित ठेवा. उसने घेतलेले पैसे शक्यतो खात्यातून घ्या, म्हणजे 'घर कसे चालले' याचे उत्तर कागदावर राहील.

पुढचा मुद्दा कामावर हजर होण्याच्या तयारीचा. गैरहजेरीच्या प्रकरणांत कंपनी हमखास म्हणते, 'आम्ही याला काढलेच नाही, हाच येत नाही.' आणि कैफियतीत लिहून टाकते, 'आजही यावे, आम्ही कामावर घेतो.' हा सापळाही असू शकतो आणि संधीही. दुसऱ्याच दिवशी दोन साक्षीदारांसह गेटवर जा, आत घेतले नाही तर तिथूनच लेखी कळवा आणि न्यायालयाला पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन सांगा. गेला नाहीत तर त्या तारखेपासूनचा पगार गेलाच म्हणून समजा. गेटवर 'उद्या या' म्हणून परत पाठवत असतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, आणि परत आलेले पाकीट फोडू नका. पोस्टमनच्या 'घेण्यास नकार' या शेऱ्यासकट ते तसेच न्यायालयात द्यायचे असते.

पुनर्स्थापनेऐवजी एकरकमी भरपाई कधी मिळते? हा कल गेल्या काही वर्षांत वाढला आहे. रोजंदारीवरचा कामगार, वर्षात कामाचे २४० दिवस भरलेले, नोटीस आणि भरपाई न देता काढला, एवढाच दोष असेल तर हल्ली बहुधा पैसेच मिळतात. बीएसएनएलच्या २०१४ च्या निकालात असे झाले. अनेक वर्षे रोजंदारीवर असलेल्या लाइनमनला नोकरी परत न देता ३ लाख रुपये दिले गेले. न्यायालयाचे म्हणणे असे की परत घेऊनही मालक नोटीस देऊन उद्या पुन्हा कायदेशीरपणे काढू शकतो, मग त्या पुनर्स्थापनेला अर्थ काय? पण त्याच निकालात हेही सांगितले आहे की सूडाने काढले असेल, किंवा तसल्याच कनिष्ठ कामगारांना ठेवून याला काढले असेल, तर पुनर्स्थापना नाकारू नये. हा दुसरा भाग वकीलही वाचायला विसरतात. रोजंदारी कामगारांनी २४० दिवसांचा पुरावा स्वतः गोळा करायचा असतो. नुसते शपथपत्र पुरत नाही. मस्टर आणि वेतनपत्रके हजर करण्याचा अर्ज लवकर द्या. मागूनही कंपनीने ती दिली नाहीत तर न्यायालय तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकते.

कायम कामगाराला भरपाईवर वाटेला लावण्याची कारणे वेगळी असतात. कारखाना बंद पडला, निवृत्ती जवळ आली, किंवा कॅशियरसारख्या विश्वासाच्या जागेवरचा भरवसा उडाला. निवृत्तीचे वय खटल्यातच उलटले तर पुनर्स्थापना कागदावरच राहते, पण त्या तारखेपर्यंतचा पगार आणि ग्रॅच्युइटी मागता येते. तुम्ही यातल्या कशातच बसत नाही. तेव्हा 'शेवटी पैसेच देतात' हे कोणी सांगितले तर तुमच्यापुरते ते खरे मानू नका.

तक्रारीतल्या मागण्या कशा लिहायच्या यावर मी वकिलांशीही वाद घालतो. पुनर्स्थापना, सेवासातत्य, पूर्ण मागील पगार आणि सर्व अनुषंगिक लाभ (वेतनवाढीसारखे सोबतचे फायदे), या चारही गोष्टी वेगवेगळ्या शब्दांत मागा. आंध्र प्रदेश परिवहन महामंडळाच्या २००३ च्या निकालात नुसते सेवासातत्य मिळालेल्या कर्मचाऱ्याला मधल्या काळातल्या वेतनवाढी मिळाल्या नाहीत, कारण आदेशात अनुषंगिक लाभांचा शब्द नव्हता. मधल्या काळात युनियनचा वेतनकरार झाला असेल तर त्याची प्रत दाखल करा, नाहीतर हिशेब जुन्या पगारावरच होईल.

निकाल तुमच्या बाजूने लागला की कंपनी वर जाणार हे धरून चाला. यूएलपीत कामगार न्यायालयाच्या आदेशावर औद्योगिक न्यायालयात रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज), मग उच्च न्यायालयात रिट याचिका. संहितेच्या मार्गाने आलेल्या पुनर्स्थापनेच्या निवाड्यावर कंपनी उच्च न्यायालयात गेली, तर तिथे प्रकरण चालू असेपर्यंत शेवटचा घेतलेला पगार दरमहा मिळण्याची तरतूद आहे. जुन्या कायद्यात ती कलम १७-ब म्हणून प्रसिद्ध होती. त्यासाठी 'मी कुठे नोकरीला नाही' असे शपथपत्र लागते. देना बँकेच्या १९९७ च्या निकालानुसार तो पगार म्हणजे काढले त्या दिवशी प्रत्यक्ष घेत होता तेवढाच, वाढीव नाही. यूएलपीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने स्थगिती देताना रक्कम जमा करण्याची अट घालावी म्हणून आपणच पहिल्या तारखेला मागणी करायची असते.

आता त्या दोन लाखांबद्दल. राजीनाम्यावर सही करू नका, निदान हा हिशेब केल्याशिवाय. तुमचा सगळा पगार मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरला तर अकरा वर्षांची ग्रॅच्युइटीच १ लाख ६५ हजार होते. ती तुमची कमाई आहे. हिंसक किंवा दंगेखोर वर्तनासारख्या मोजक्या कारणांशिवाय ती जप्त करता येत नाही. तेव्हा एचआरला लेखी विचारा, दोन लाखांत ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, बोनस धरला आहे का. धरला असेल तर तडजोडीचे म्हणून तुमच्या हातात जवळपास काहीच येत नाही. आणि राजीनामा दिला की बडतर्फीच उरत नाही, मग आव्हान कशाला द्यायचे? 'दबावाने घेतला' हे नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते. कायद्याने देणे असलेले पैसे मात्र जरूर घ्या. पावतीवर 'हक्क अबाधित ठेवून, निषेधासह स्वीकारले' असे लिहा. तडजोड वाईट नसते. पण ती तक्रार दाखल झाल्यावर, न्यायालयासमोर, आकड्यांची फोड लिहून करावी.

मॅनेजर, अधिकारी यांच्यासाठी हे दरवाजे बहुतांशी बंद आहेत. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही, त्यामुळे खासगी कंपनीच्या मॅनेजरला दिवाणी न्यायालयात साधारण नोटिशीच्या काळाच्या पगाराइतकीच भरपाई मिळते. मात्र तुम्ही कामगार आहात की नाही हे पदनामावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरते. पगाराची मर्यादा, संहितेत १८ हजार, ही फक्त देखरेखीचे काम करणाऱ्यांना आहे. ८० हजार पगाराचा तंत्रज्ञही कामगार असू शकतो. खासगी शाळांतल्या शिक्षकांनी १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करायचे. सरकारी कर्मचाऱ्यांचा मार्ग अनुच्छेद ३११ आणि प्रशासकीय न्यायाधिकरणाचा.

आणि ते फौजदारी दात. यूएलपीचा आदेश कंपनीने पाळला नाही तर कलम ४८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. रक्कम लहान आहे, पण आरोपी म्हणून कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यांची नावे येतात आणि समन्स त्यांच्या नावाने निघते. हे समन्स पोचल्यावर गेट उघडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. पैशांसाठी यूएलपीच्याच कलम ५० खाली अर्ज करायचा. न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखला निघाला की तहसील कार्यालयात त्याचा आवक क्रमांक घेऊन ठेवा आणि अर्जासोबत कंपनीची मशिनरी, जागा, बँक खाती यांची यादी स्वतः जोडा. ती यादी नसेल तर फाइल हलत नाही.

वकिलाकडे जाताना बडतर्फीचे पत्र, आरोपपत्र, तुमचा खुलासा, चौकशीची सगळी पाने, शेवटच्या वर्षाच्या पगारपावत्या, नेमणूक पत्र आणि स्थायी आदेशांची (कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांची) प्रत घेऊन जा. चौकशीच्या प्रती मिळाल्या नसतील तर आजच लेखी मागा आणि त्या अर्जाची पोच घ्या.